किटलीभर गरम पाणी

पान एकशे बारावर खुन्याने बर्फाच्या कोठीचा अडसर पहाटे हलकेच सरकवला, त्याचा एवढासाही आवाज झाला नाही, आणि मुद्रितशोधकाचं टाळकं सणकलं. तोवरची एकशे अकरा पानं त्याने नाक दाबून कडू औषध घ्यावं तशी संपवली होती. लेखिकाबाईंची ही पहिलीच कादंबरी, तीही थरारक, तीही लहानशा गावातली. म्हणजे धुकं आलं. धुक्यात कंदील आला. ज्याच्यावर संशय घ्यायचा तो तिरळा, ज्याच्यावर घ्यायचा नाही तो गोरागोमटा, आणि गावातला झाडून प्रत्येक माणूस बोलता बोलता वाक्य अर्धवट सोडून लांब कुठेतरी बघणारा. लहान गावात वाक्य अर्धवट सोडत नाहीत. तिथे एकच वाक्य चार चार वेळा पुरं करतात आणि पाचव्यांदा शेजारी येऊन ते पुरं करतो. मलपृष्ठावर संपादिकेने लिहिलं होतं की शांत गावाच्या मुखवट्याआडचं हे सत्य वाचकांची झोप उडवील. संपादिका सव्वीस वर्षांची होती, त्याला काका म्हणायची, आणि लहान गाव तिने पाहिलं असेल तर ते धावत्या गाडीच्या काचेतून. पण झोप उडवण्याचं तिला वेडच होतं. गेल्या महिन्यात बागकामाच्या पुस्तकानेही तिने लोकांची झोप उडवली होती. त्याने मलपृष्ठ बाजूला सारलं आणि तांबड्या पेन्सिलीला टोक काढलं.

कचेरीत त्याला मागून चाळण म्हणत. त्याला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या लांबट खोलीत तो एकतीस वर्षं बसत आला होता. एका भिंतीला न खपता परत आलेल्या पुस्तकांचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले, दुसऱ्या भिंतीला खिडकी, खिडकीबाहेर समोरच्या इमारतीचा पाण्याचा पाईप, आणि मध्ये त्याचं टेबल. टेबलाची काच एका कोपऱ्यात तडकलेली. लेखक म्हणजे काय चीज असते हे या टेबलाइतकं कोणाला माहीत नव्हतं. पान वीसवर उजव्या पायाने लंगडणारी नायिका साठाव्या पानावर डाव्या पायाने लंगडताना त्याने पकडली होती. पहिल्या प्रकरणात वारलेले सासरे अकराव्या प्रकरणात पंगतीत दुसऱ्यांदा वाढून घेताना पकडले होते. लेखक आभार मानताना बायकोचे मानत, मित्रांचे मानत, एकाने तर मांजराचे मानले; चाळणीचे आभार कोण मानतो? पीठ खाली पडलं की ती खुंटीला. घरी बायकोनेही त्याला काही सांगायचं हळूहळू सोडून दिलं होतं. मंगळवारी बाजारात काय झालं म्हणून तिने सुरुवात केली की तो म्हणायचा, मंगळवारी नव्हे, बुधवारी. मग ती म्हणायची, बरं, बुधवारी, आणि पुढचं स्वयंपाकघरात जाऊन भांड्यांना सांगायची. त्याचं त्याला वाईट वाटत नसे. चुकीचं ऐकून घेण्यापेक्षा न ऐकलेलं बरं.

बर्फाचा कारखाना तिसाव्या पानावर आला होता. तेव्हा त्याने पेन्सिल क्षणभर खाली ठेवली, मग स्वतःलाच हसून पुन्हा उचलली. बर्फाचे कारखाने त्या काळात गावोगाव होते. लोखंडी डबे मिठाच्या पाण्यात बुडवून लाद्या करायच्या, त्या जाड दाराच्या कोठीत रचायच्या, सगळीकडे तेच. कारखान्यामागे तळं होतं, तर तळंही कुठे नसतं. चाळिसाव्या पानावर कारखान्याच्या शिट्टीवर गावातले लोक घड्याळ लावतात असं आलं. त्यांच्याही गावात लावायचे. पण असल्या गावात घड्याळ लावण्याखेरीज उद्योग तरी काय असतो. पुढे पुस्तकातला, काम करताना शीळ घालणारा मिस्त्री एका संध्याकाळी कोठीत कोंडला गेला आणि सकाळी गारठून मेलेला सापडला, तेव्हा मुद्रितशोधकाच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तो उठून पाणी प्यायला. परत येऊन बसला, आणि बाईंनी त्या मिस्त्रीच्या मरणावर जे काय इमले चढवले होते ते वाचता वाचता त्याची भीती जाऊन तिच्या जागी चांगला सणसणीत तिरस्कार आला. म्हणे कारखान्याच्या मालकाने जमिनीच्या भानगडीपायी मिस्त्रीला कोंडलं. म्हणे पहाटे येऊन त्याने अडसर हलकेच काढून ठेवला, म्हणजे पोलिसांना वाटावं की दार उघडंच होतं आणि मिस्त्री दारूच्या नशेत आपणच दार ओढून आत झोपला. हलकेच! बाईंनी बर्फाची कोठी कधी डोळ्यांनी पाहिली तरी होती का? त्याने समासात तांबड्या अक्षरात लिहिलं: 'अशक्य. दाराच्या फटीतून गारवा झिरपून रात्रभरात अडसर बर्फाने धरतो. सकाळी त्यावर किटलीभर गरम पाणी ओतल्याशिवाय तो सुटत नाही. लेखिकेने पाहावे.' खाली दोन रेघा ओढल्या. बरं वाटलं. संध्याकाळी पाच वाजता प्रुफं लखोट्यात गेली आणि लखोटा कुरियरवाल्याकडे गेला.

बसच्या रांगेत उभा असताना त्याला किटली दिसली. ती पुस्तकात नव्हती. ती त्याने घातली होती. समासातला सबंध शेरा त्याने मनात वाचून पाहिला, आपण काय लिहिलंय ते एखाद्या परक्याने लिहिल्यासारखं तपासलं, आणि त्यात चूक नव्हती, हीच पंचाईत होती. कारखान्याची ॲल्युमिनियमची किटली, बूड काळं झालेली, झाकण दोरीने बांधलेलं. रोज सकाळी त्याचा थोरला भाऊ, जो त्या कारखान्याचा व्यवस्थापक होता, ती भरून कोठीच्या दारापाशी यायचा, अडसरावर पाण्याची धार धरायचा, आणि अडसर कडकन सुटायचा. नंतर त्याच किटलीत सगळ्यांचा चहा व्हायचा. हे सांगणारं माणूस त्या कारखान्यात सकाळी उभं राहिलेलं असणार, एवढं लेखिकेला कळलं तर कळलं. पण तिला कुठून कळणार? कोण ती, कुठल्या तरी शाळेत विज्ञान शिकवते असं पुस्तकावर छापलं होतं. अशा बाया शंका वाचतसुद्धा नाहीत. बरं म्हणून टाकतात आणि आपल्याला हवं तेच छापतात. बस आली, त्याला बसायला जागा मिळाली, आणि शेजारच्या माणसाच्या वर्तमानपत्रातला मथळा चुकलेला आहे हे बघूनही त्याला नेहमीसारखं समाधान झालं नाही.

तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. कॉलेजच्या सुटीत घरी आला होता आणि भावाने त्याला कारखान्यात चिकटवलं होतं. लाद्या मोजायच्या, आकडा वहीत लिहायचा, सहाची शिट्टी झाली की कोठीला अडसर घालायचा. अडसर घालण्याआधी दारात डोकं घालून तीनदा मोठ्याने हाक मारायची, आत कोणी आहे का म्हणून, असा भावाचा नियम होता. दार एवढं जाड आणि यंत्राची घरघर एवढी की एकदा अडसर पडला की आतल्याने ऊर फुटेस्तोवर ओरडलं तरी बाहेर ऐकू येत नसे. म्हातारे हमाल त्या दारात उभे राहून रिकाम्या कोठीला हाका मारत, उत्तराची वाट बघत, मग मान हलवत. त्याला ते बघूनच हसू यायचं. चार पुस्तकं वाचलेली होती, गावातल्या कोणाशी दोन वाक्यं बोलण्यासारखी वाटत नव्हती, आणि तिथला खराखुरा मिस्त्री तर त्याला बॅरिस्टर म्हणायचा. सगळ्यांसमोर म्हणायचा, काय बॅरिस्टर, आज किती लाद्यांना न्याय दिला. पहिले दोन दिवस त्याने हाका मारल्या. तिसऱ्या दिवसापासून बंद केल्या. ज्या खोलीत कोणी नाही हे उघड दिसतंय त्या खोलीला हाका मारणं हे त्याला खुळचटांचं काम वाटलं, आणि आपण खुळचट नाही याबद्दल त्याला त्या वयात अजिबात शंका नव्हती. अकराव्या की बाराव्या संध्याकाळी मिस्त्री मागच्या बाजूला, लाद्यांच्या थप्पीआड, नळ्यांवरचा बर्फ खरवडत बसला होता. बाराव्याच. अकराव्या दिवशी पाऊस होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीपेक्षा उशिरा, नऊ वाजता कामावर गेला तेव्हा मिस्त्रीला बाहेर आणून पोत्यांवर निजवलं होतं. भावाने त्याला दंडाला धरून यंत्राच्या खोलीत नेलं. घरघरीत कोणाला ऐकू जाणार नव्हतं तरी भाऊ हळू बोलला. हाक मारली होतीस का, एवढंच त्याने विचारलं. तो म्हणाला, हो. भाऊ त्याच्याकडे बघत राहिला. मग भाऊ बाहेर गेला आणि पोलिसाला म्हणाला की अडसर घातलेलाच नव्हता, दार नुसतं लोटलेलं होतं. मग शहाणासुरता माणूस दार ढकलून बाहेर का आला नाही, असं पोलिसाने विचारलं. भाऊ म्हणाला, थोडी घेतली असेल. एवढं वाक्य गावाला पुरलं. दुपारपर्यंत मिस्त्री अट्टल बेवडा झाला होता, आणि ज्यांनी त्याला कधी प्यायलेलं पाहिलं नव्हतं त्यांनासुद्धा त्याचं अडखळत चालणं आठवायला लागलं होतं. याची त्याला किळस आली होती, हे त्याला स्पष्ट आठवत होतं. स्वतःची नव्हे, गावाची. काय ही माणसं, यांना कोणीही काहीही सांगावं. पंधरा दिवसांनी भावाने त्याला शहराचं तिकीट काढून दिलं आणि पुन्हा येऊ नकोस असं शब्दांत न म्हणता दरवेळी पत्रात लिहिलं की इकडे सगळं ठीक आहे, तू तुझं बघ. सहा वर्षांपूर्वी भाऊ गेला. त्या विषयावर दोघं एक अक्षर बोलले नव्हते, आणि त्याने गावाला नावं ठेवण्यात कसर सोडली नव्हती. ज्या गावाला आपण तुच्छ मानतो तिथे जाता येत नाही याचं दुःख करण्याचं कारण नसतं, एवढं त्याने चांगलं जमवून आणलं होतं.

आठवडाभर काही झालं नाही. आठव्या दिवशी संपादिका दारात येऊन म्हणाली, काका, लेखिका आल्यात, तुमच्या शंकेबद्दल बोलायचंय म्हणे, जरा हलक्या हाताने घ्या हं, पहिलंच पुस्तक आहे त्यांचं. आणि फोन वाजला म्हणून निघून गेली. आत आलेली बाई चाळिशीची, जाड चष्म्याची, हातात त्याच्या प्रुफांचा लखोटा. तिच्यामागे एक म्हातारी, जी न विचारता न खपलेल्या पुस्तकांच्या गठ्ठ्यावर बसली. आई आहे, लेखिका म्हणाली, एकटीला येऊ देईना. त्याला वाटलं, झालं, आता सबंध कुटुंब पुस्तक लिहायला बसणार. त्याने खुर्ची दाखवली. लेखिका बसली नाही. तिने पान एकशे बारा टेबलावर ठेवलं आणि किटलीचं तुम्हाला कसं कळलं, असं सरळच विचारलं.

असले कारखाने सगळीकडे असतात, वाचनात आलं होतं, तो म्हणाला. कुठल्या पुस्तकात, तिने विचारलं. पाच वर्षं ती बर्फाच्या कारखान्यांवर मिळेल ते वाचत होती. अडसराचं तिला कुठेच सापडलं नव्हतं. त्याने पुस्तकाचं नाव आठवण्यासाठी कपाळावर हात ठेवला. लेखक लोक खोटं बोलताना हेच करतात हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने हात काढला. तेव्हा गठ्ठ्यावरून म्हातारी बोलली. तिचा आवाज चांगला ठणठणीत होता.

"किटली मी पाहिली होती. सकाळच्या गाडीने मी माहेराहून आले, पोर कडेवर होती, तशीच कारखान्यात गेले. किटली दारापाशी आडवी पडली होती. मला वाटलं, ह्यांना शुद्धीवर आणायला कोणी तरी धावत चहा आणला. तुमच्या भावाला मी जन्मभर दुवा देत आले."

तुमच्या भावाला. म्हणजे तो कोण हे त्यांना ठाऊक होतं. व्यवस्थापकांचा धाकटा भाऊ शहरात पुस्तकांच्या कुठल्याशा कचेरीत असतो हे लहान गावात कोणाला ठाऊक नसणार? लेखिका सांगत राहिली, शाळेत धडा समजावून सांगावा तशी, आवाज न चढवता. त्या चहाचं तिने पुस्तकात घातलं नव्हतं, कारण थरारकथेत तो गोड तपशील बसेना. आईला सासरच्यांनी बेवड्याची बायको म्हणून बाहेर काढलं होतं. शाळेत तिला पोरं बेवड्याची म्हणत, आणि आता ती जिथे शिकवते तिथेही एका पालकाने म्हटलं होतं. घरात बाबांचा विषय निघाला की आई एवढंच म्हणायची की ते पीत नव्हते, आणि ती स्वतःसुद्धा, मोठी झाल्यावर, मनात म्हणायची, सगळ्याच बायका असं म्हणतात. म्हणून तिने खून रचला. खून असला तर दारू खोटी ठरते.

"अडसर घातलेला नसता तर किटली लागलीच नसती," ती म्हणाली. "हे बरोबर आहे की चूक?"

"बरोबर," तो म्हणाला. नाही म्हणता आलं असतं. पण बरोबर असलेल्या गोष्टीवर चुकीची खूण त्याने एकतीस वर्षांत केली नव्हती, आणि तोंडाने सवयीचा शब्द आधीच काढून टाकला होता.

अडसर कोणी घातला, तिने विचारलं. मी, तो म्हणाला. मग तिने खुर्ची ओढली आणि बसली. चष्म्यामागचे तिचे डोळे मोठे झाले होते, आणि त्याही घटकेला त्याच्या मनात आलं की आता ही कारण शोधणार, जमीन, पैसा, बाई, तिसऱ्या प्रकरणापासून पेरलेलं काही तरी. तिने तसंच विचारलं. काय वैर होतं? तो म्हणाला, वैर नव्हतं. अडसर घालण्याआधी तीनदा हाक मारायची असते. मी मारली नाही. का, असं तिने विचारलं तेव्हा त्याने खिडकीकडे, समोरच्या पाईपकडे पाहिलं. चाळीस वर्षं या प्रश्नाचं उत्तर त्याच्याजवळ तयार होतं आणि ते तोंडावाटे कसं ऐकू येईल याची त्याला कल्पना नव्हती.

"खुळचटपणा वाटायचा."

"एवढंच?" लेखिका म्हणाली.

अगदी याच सुरात तो आजवर म्हणत आला होता, दुबळ्या कथानकाला, फसलेल्या शेवटाला, वर्षभर राबून लिहिलेल्या भिकार प्रकरणांना. आपल्या बाबतीत तो सूर कोणी लावेल असं त्याला वाटलं नव्हतं. तो काही तरी बोलू लागला, तो एकोणीस वर्षांचा होता, भाऊ, कॉलेज, पण म्हातारीने हात वर केला. तिला ऐकायचं नव्हतं. तिला कागद हवा होता. लिहून द्या आणि सही करा, ती म्हणाली; दीर अजून जिवंत आहे, त्याच्यापुढे वाचून दाखवायचंय, मग गावात दाखवायचंय, मग मी मरायला मोकळी. तुम्हाला तुरुंगात घालून मला काय करायचंय, असंही ती म्हणाली, आणि त्यात दया नव्हती. नको असलेली वस्तू कोणी फुकट देऊ केली तर माणूस म्हणतं, तसं ती म्हणाली.

त्याने कोरा कागद घेतला. कचेरीत उद्या सगळ्यांना कळेल, संपादिका डोळे विस्फारील, बायकोला कळेल, भावाच्या मुलांना कळेल की त्यांचा बाप पोलिसाशी खोटं बोलला होता, हे सगळं त्याच्या मनात ओळीने येऊन गेलं आणि तरी अक्षर नेहमीसारखं वळणदार आलं. मिस्त्री प्यायलेला नव्हता. कोठीचा अडसर त्या संध्याकाळी माझ्याकडून चुकून घातला गेला. आत कोणी आहे का हे मी पाहिलं नाही. सकाळी भावाने तो गरम पाण्याने सोडवला. लेखिकेने कागद घेऊन आईला मोठ्याने वाचून दाखवला. म्हातारी डोळे मिटून ऐकत होती.

"चुकून काढा," ती म्हणाली. "चुकून झालं असतं तर त्याच दिवशी बोलला असतात."

त्याने 'चुकून'वर आडवी रेघ ओढली आणि समासात वगळण्याची खूण केली. मग त्याला वाटलं की खाडाखोड असलेला कागद गावात कोणी मानणार नाही, म्हणून त्याने दुसरा कागद घेऊन सगळं पहिल्यापासून लिहिलं, आणि या खेपेला हाक न मारल्याचं आणि भावाला खोटं सांगितल्याचंही लिहिलं. कोणी सांगितलं नव्हतं. सही केली, खाली तारीख घातली. म्हातारीने कागदाची घडी केली, पिशवीत ठेवली, पिशवीची चेन लावली, आणि चेन नीट लागली का ते बोटाने चाचपून पाहिलं. पुस्तकाचं काय करायचं, त्याने विचारलं. लेखिका म्हणाली, आहे तसं छापू द्या. पुस्तकात निदान बाबांना मारावं असं कोणाला तरी वाटलं होतं.

मग ती उठली, पण गेली नाही. टेबलाच्या तडकलेल्या कोपऱ्यावर बोट ठेवून उभी राहिली, आणि आतापर्यंतचा शाळेतला आवाज तिच्याजवळ राहिला नाही. "मी दीड वर्षाची होते," ती म्हणाली. "आईने चार गोष्टी सांगितल्या, त्या मला पाठ आहेत. तुम्ही त्यांना रोज बघत होतात. कसे होते?"

तो आठवू लागला. अडसर आठवला, किटलीच्या झाकणाची दोरी आठवली, वहीतला लाद्यांचा आकडा आठवला, त्या दिवशी एकशे चाळीस. बॅरिस्टर हा शब्द आठवला, पण तो म्हणणारं तोंड काही केल्या येईना. उंच होता की बुटका, डोक्यावर केस होते की नव्हते, हसायचा तेव्हा कसा हसायचा. त्याने त्या माणसाकडे एकदाही धड पाहिलेलं नव्हतं. बघण्यासारखं त्यात काही असेल असं त्याला वाटलंच नव्हतं. समोर बाई उभी होती, तिच्या हनुवटीखालची शीर उडत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला एखाद्या लेखकाला दुखवू नये असं वाटलं.

"पुस्तकात तुम्ही लिहिलंय ना, तसेच होते," तो म्हणाला. "अगदी तसेच. काम करताना शीळ घालायचे."

लेखिकेने टेबलावरचं बोट उचललं. "ते मी आमच्या शाळेच्या शिपायावरून घेतलंय," ती म्हणाली, आणि आईला हाताला धरून उठवू लागली.